डिस्कवर जागा न घेणारं पत्र

मंडळी, भूतबीत मी मानत नाही. जन्मभर कॉम्प्युटर रूमच्या एसीत बसलेल्या माणसाला थंड झुळूक म्हणजे रोजची हजेरी! तरीही...

नव्वदीच्या दशकाची अखेर. लखनौमधली एक सरकारी संशोधन संस्था आणि तिथल्या कॉम्प्युटर सेंटरचा प्रमुख म्हणजे अस्मादिक. ईमेलचं कौतुक नवं, त्यामुळे शास्त्रज्ञ एकही मेल पुसत नसत. सर्व्हरची डिस्क गच्च भरली. नवी मागितली, तर संचालक म्हणाले, “पहले कचरा तो साफ कीजिए!”

मी डोकं लढवलं. एकच मेल दहा जणांना गेला, की त्याच्या दहा प्रती जागा खातात. मग ठेवायची एकच — सगळ्यांत वरिष्ठ माणसाच्या खात्यात. बाकीच्यांकडे, अगदी पाठवणाऱ्याकडेही, नुसता तिचा पत्ता. जुनं सगळं कॉम्प्रेस. निम्मी डिस्क रिकामी! मीटिंगमध्ये टाळ्या पडल्या, माझ्या बढतीची फाइल हलली.

आमच्याकडे वसंत कुलकर्णी नावाचा केमिस्ट होता. मूळचा वर्ध्याचा, जानकीपुरममध्ये माझा शेजारी. एका औषधाची कृती त्याने शोधली आणि विभागप्रमुखांसह नऊ जणांना मेलने कळवली. पुढे पेटंटच्या अर्जावर नाव आलं, ते एकट्या विभागप्रमुखांचं! वसंताने तक्रार केली, समिती बसली. शुक्रवारपर्यंत पुरावा द्या, म्हणाली.

सोमवारी तो माझ्याकडे आला. “अरे, तो मेल उघडतच नाही. माझ्याकडे नाही, त्या आठ जणांकडेही नाही. गेला कुठे?”

मला लगेच कळलं. एकुलती एक प्रत विभागप्रमुखांकडे होती आणि त्यांनी ती पुसली होती. बॅकअपच्या टेपवर, काटकसर म्हणून, मी दुसरंच काही लिहून बसलो होतो.

“बघतो रे,” मी म्हणालो.

मंगळवारी सकाळी ते पत्र माझ्याच खात्यात हजर! मला ते कधी पाठवलेलंच नव्हतं. तारीख, कृती, नऊ नावं... सगळं जिथल्या तिथे.

आमचे ऑपरेटर मिश्राजी स्क्रीनकडे बघत राहिले. “सर, फाइल तो है... पर जगह नहीं ले रही.”

खरंच. डिस्कवरची मोकळी जागा एका बाइटनेही कमी झाली नव्हती. जागा वाचवायची याहून नामी युक्ती मला आजवर सुचलेली नाही!

मी ते पुसलं. दाखवलं असतं, तर बाकीच्या प्रती कुणी उडवल्या हे निघालं असतं. बढतीची फाइल संचालकांच्या टेबलावर होती हो...

बुधवारी पुन्हा आलं. पुसलं. गुरुवारी पुन्हा.

“सर, कुलकर्णी साहब को बता दें?”

“मिश्राजी, चाय मँगवाइए.”

शुक्रवारी सकाळीही आलं, पुसलं. मग समितीपुढे मी खणखणीत आवाजात सांगितलं, “रेकॉर्ड उपलब्ध नहीं है.” बाहेर आल्यावर वसंताने माझ्या खांद्यावर हात ठेवला. “जाऊ दे यार. तू तरी प्रयत्न केलास.” दोन महिन्यांत तो नोकरी सोडून वर्ध्याला निघून गेला.

मला बढती मिळाली. मग कॉम्प्रेस केलेली एकेक फाइल मी उलगडून पाहिली. कित्येक महिने रोज सकाळी आधी माझं खातं उघडायचो. पत्र नाही. जाणकार म्हणतात, तुमच्या बघण्यात चूक झाली असेल. चार वेळा? आणि मिश्राजींच्याही?

ते कुठून येत होतं, हे मला आजही माहीत नाही. शनिवारपासून यायचं का थांबलं, ते मात्र मला कुणी समजावून सांगू नका.