फिनलंडवाल्यांच्या जत्रेहून आलेले फौजी

सातारा-विटा एसटीत माझ्या शेजारी बसलेले ते निवृत्त फौजी नुकतेच अमेरिकेहून, मुलाकडून परतले होते. बोलताना समोरच्या दांडीवर मूठ आपटत.

"पोराचं गाव फिनलंडच्या खाणकामगारांनी वसवलेलं. जत्रेत त्यांची पणतवंडं त्यांच्या भाषेत गाणी म्हनत हुती, चुकतमाकत. म्हातारी मानसं रडत हुती. आन् मी नातवाशी आपल्या बोलीत बोललो, तर माझा पोरगा म्हनतो, 'बाबा, त्याला हे गावठी शिकवू नका!'"

तेवढ्यात मागच्या सीटवरची दप्तरवाली चिमुरडी म्हणाली, "आये, मला न्हाई बसायचं."

आईने तिला चापट मारली. "नाही म्हण!"

फौजी गर्रकन वळले. "का मारलं? काय वाईट बोलली ती?"

"आवं, शाळेत मॅडम समद्यांसमोर हसत्यात तिला," आई तिला जवळ ओढत म्हणाली. "तुमी येताय का तिथं भांडायला?"

"येतो. कुठं हाय शाळा?"

"रहिमतपूरला."

रहिमतपूर आलं तसे ते उठले. कंडक्टर ओरडला, "आजोबा, विटा लांब हाय अजून!"

"ठावं हाय मला!"

मुलीचं बोट धरून ते आईच्याही पुढे, तरातरा चालू लागले. त्या मॅडमची मला, खरं सांगतो, जरासुद्धा दया आली नाही.