आमच्या मंडळीचा बरब्बा

नागपुरात मार्च लागला की माणसं कूलरवरची खोळ काढतात. आमच्या चर्चच्या मंडळीतली माणसं खोळ काढायच्या आधी शांतवनकाकांना फोन करतात. शांतवन सातपुते. अजनीच्या रेल्वे शेडमधून फिटर म्हणून निवृत्त झाले आणि आता बेसाकडे एका छोट्या घरात ताराकाकूंबरोबर राहतात. स्कूटरच्या डिकीत पाना-पक्कड आणि मागच्या सीटवर बांधलेली, कूलरच्या जाळीत भरायची लाकडी घास, अशा थाटात ते घरोघर हिंडतात. जुनी घास काढतात, नवी भरतात, पंप साफ करतात, चहात तीन चमचे साखर मागतात आणि निघताना घरातल्या बाईला बजावतात, "पाणी टाकताना बटन बंद करजो वं." ज्याच्या गारव्यात काकांचा हात नाही असं एकही घर मंडळीत सापडायचं नाही.

आणि दर उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, हाच माणूस खुनी आणि दरोडेखोर होतो.

ज्यांना ही गोष्ट ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. येशूला पकडून रोमन सुभेदार पिलातापुढे उभं केलं, तेव्हा सणानिमित्त एक कैदी सोडायची रीत होती. पिलाताला येशूत काही अपराध दिसेना. त्याने जमावाला विचारलं, कोणाला सोडू, येशूला की बरब्बाला? बरब्बा दंगलीत खून केलेला माणूस. जमाव म्हणाला, बरब्बाला सोड. मग येशूचं काय करू? त्याला वधस्तंभावर खिळ. निर्दोष होता तो मेला आणि अपराधी मोकळा घरी गेला. आमच्या चर्चच्या मैदानात उत्तम शुक्रवारी सकाळी, दुपारच्या उपासनेआधी, एवढाच प्रवेश होतो. जमाव व्हायला वेगळी माणसं लागत नाहीत, मंडळी हाच जमाव. पिलात माझे यजमान, कारण त्यांचा आवाज मोठा आहे, आणि पिलात ज्यात हात धुतो ती परात आमच्या स्वयंपाकघरातली.

बरब्बा व्हायला पूर्वी कोणी तयार नसे. शिपाई व्हायला भांडणं होत, पण खुन्याचं काम अपशकुनी वाटायचं. ते शांतवनकाकांनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी घेतलं. ताराकाकू अजून सांगतात की त्यांचे आईवडील सावनेरहून मुद्दाम जावयाला बघायला आले होते. जावई दोरखंडाने बांधून आणलेला दिसला, तसे ते न जेवताच परत गेले.

अडचण अशी की काकांसारखा बरब्बा कधी कुठे झाला नसेल. त्यांना बांधून आणलं की पुढच्या रांगेतली लेकरं हात हलवतात. काका गुरगुरायला जातात, तेवढ्यात कोणाशी तरी नजरानजर होते आणि त्यांना हसू फुटतं. पिलाताने कोणाला सोडू असं विचारलं की सगळं मैदान "बरब्बा, बरब्बा" असं म्हणतं, जसे काही काका निवडणुकीला उभे आहेत. दोर सुटला की ते हात जोडत लोकांमधून पळत निघतात आणि नळाजवळ कोणीतरी त्यांच्यासाठी लिंबाचं शरबत घेऊन उभं असतं.

पाद्रीसाहेब गेल्या वर्षी नगरकडून बदलून आले. इथला उत्तम शुक्रवार त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. प्रभूच्या मरणाच्या दिवशी हशा पिकतो असं चर्च आपण पाहिलेलं नाही, असं त्यांनी नंतर कमिटीत सांगितलं. त्यांचं काही चुकत नव्हतं.

या वर्षी प्रवेश बसवायचं काम नूपुरकडे आलं. नूपुर माझी मुलगी, एम.ए. करते. मला तेव्हाच धाकधूक झाली. एक तर तिला काम मिळालं की जेवण आठवत नाही. दुसरं म्हणजे चर्चमध्ये कोणाला दुखावलं, तर ते दुखणं त्यांच्या नातवंडांच्या बाप्तिस्म्यापर्यंत पुरतं. मी तिला म्हटलं, आहे तसंच होऊ दे, फार तर लेकरांना मागे बसव. तिने ऐकलं नाही. तिने जो उपाय काढला तो ऐकून पाद्रीसाहेबांचा चेहरा मात्र उजळला. काकांनाच येशू करायचं. सगळ्यांचा लाडका माणूस, कधी कोणाचं वाईट न केलेला. ‘त्याला खिळा’ असं म्हणताना जीभ अडखळेल, तेव्हा नीतिमानाला नाकारणं म्हणजे काय ते लोकांना कळेल. बरब्बा म्हणून मोहितला घेतलं. तो जिममध्ये जातो आणि त्याच्या दंडावर सिंह गोंदलेला आहे.

काकांना कोणाला नाही म्हणता येत नाही. ते हो म्हणाले.

गेल्या वर्षी येशू झालेल्या याकोब दुपारेंना नूपुरने शिपायांमध्ये टाकलं. याकोबभाऊ मूळचे कुहीकडचे. चाळिशीतला, कमी बोलणारा माणूस. इथे एका औषधांच्या दुकानात काम करतात, बायको-मुलं गावाकडे. उपासनेला येतात, मागच्या बाकावर बसतात, प्रार्थना संपली की निघून जातात. दाढी स्वतःची होती म्हणून त्यांना येशू केलं होतं. बदल सांगितल्यावर ते "चालेल" म्हणाले आणि भाला हातात घेऊन उभे राहिले. कोणी पुढे काही विचारलं नाही.

तालमी सुरू झाल्या आणि आठवड्याभरात ताराकाकू आमच्या दारात.

"तुझ्या पोरीनं माझ्या माणसाले देव करून ठेवलं," त्या म्हणाल्या. "आता तो चहात साखर मागत नाही. भाजी अळणी झाली तरी गप. काल मी त्याच्यावर मुद्दाम ओरडली, तर हात जोडून उभा राहिला. मी अशा माणसासोबत कशी राहू, सांग बरं."

मला हसू आलं, पण काकू हसत नव्हत्या. काका नीट जेवत नाहीत, असं त्या म्हणाल्या. रात्री उठून बसतात. त्यांना त्यांचं बरब्बाचं काम परत हवं आहे, पण तेवढं बोलायची त्यांना लाज वाटते. येशू व्हायला मिळालं आणि हा खुन्याचं काम मागतो, असं लोक म्हणतील ना.

झालं, माझ्या जिवाला आणखी एक घोर. सत्तरीकडे झुकलेला माणूस, पोटात अन्न नाही, एप्रिलचं ऊन, खांद्यावर सागवानी वधस्तंभ. मी संध्याकाळी नूपुरला सगळं सांगितलं. ती रडकुंडीला आली. आता पाद्रीसाहेबांना कोणत्या तोंडाने सांगू, म्हणाली. शेवटी असं ठरलं की मोठी तालीम होऊ द्यायची आणि मग बघायचं. मी पर्समध्ये ग्लुकोजचा पुडा टाकला.

मोठ्या तालमीला निम्मी मंडळी हजर होती. काकांना इतवारीतून आणलेली खोटी दाढी लावली होती, तिने त्यांना शिंका येत होत्या. शेजारी मोहित डोळे वटारून उभा. पिलाताने, म्हणजे आमच्या ह्यांनी, विचारलं, कोणाला सोडू? लोक पुटपुटल्यासारखे बरब्बा म्हणाले. मोहितकडे बघून म्हणवतच नव्हतं. मग येशूचं काय करू?

कोणी बोललं नाही. नूपुरने हातांनी खुणा केल्या. तरी नाही. शेवटी पुढच्या रांगेतल्या कुसुमताई उठल्या. कुसुमताई आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. त्या बसल्याशिवाय सभा सुरू होत नाही आणि उठल्याशिवाय संपत नाही.

"ज्यानं माझा कूलर लावून देल्ला त्याले खिळा म्हणू? माझ्याच्यानं नाही होत," त्या म्हणाल्या, आणि बसल्या.

सगळे हसले. मागून कोणी म्हणालं, आपण त्या वेळी तिथे असतो तर असं झालंच नसतं. आणखी दोघांनी माना डोलावल्या. पाद्रीसाहेबही खूश दिसले. लोकांना आतून काहीतरी जाणवतं आहे, असं त्यांनी नूपुरला हळूच सांगितलं.

तेवढ्यात काकांनी दाढी काढली. मला वाटलं, चक्कर आली. मी पर्स उघडली.

"नूपुर, बेटा, मले नाही जमत," ते म्हणाले. मग लोकांकडे वळले. "तुमी म्हणून राहिले का आमी ओरडलो नसतो. मागच्या साली याच जागेवर याकोबभाऊ उभा होता. तवा तुमचा आवाज पार रस्त्यापर्यंत गेल्ता. त्याच्या वेळी कोणाच्या तोंडाले कुलूप नाही लागलं."

भाला धरलेल्या याकोबभाऊंनी मान खाली घातली.

"त्याले आमी ओळखत नाही न गा," कुसुमताई म्हणाल्या. पण आवाज आधीचा नव्हता.

"हेच तं. तवा येशूलेबी कोणी ओळखत नव्हतं." काका मोहितच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अन् बरब्बा असा डोळे वटारणारा असता तं लोकायनं सोडला असता का? तो आपलाच वाटला, म्हणून सोडला."

पाद्रीसाहेब पुढे आले. नवल म्हणजे ते रागावले नव्हते. त्यांनी काकांना विचारलं, की तुमच्यासारख्या भल्या माणसाला खुन्याचं काम का हवं आहे.

"मी भला हाव का नाही, हे ताराले विचारा."

"विचारा ना," ताराकाकू मागून म्हणाल्या. "मी सांगतो सारं. दुपार होईल."

लोक हसले, काकाही हसले. मग ते म्हणाले, "साहेब, मी दोर बांधून उभा राहतो, तवा बाजूले तो उभा राहते. तुमी सारे माझ्याकडे पाहता. त्याच्याकडे मी एकटाच पाहतो. याच्या जागी मी पाहिजे होतो, अन् हे लोक मले घरी धाडून राहिले, असं वाटते. मले सालभर तेवढंच पुरते. मी सुटणारा माणूस हाव. मले तिथंच राहू द्या."

पाद्रीसाहेबांनी खोटी दाढी त्यांच्या हातातून घेतली, घडी करायला गेले, घडी होईना तशी खिशात कोंबली आणि नूपुरला म्हणाले, "पहिल्यासारखं बसव." मोहितला सगळ्यात जास्त आनंद झाला. त्याला भालाच हवा होता.

त्या रात्री काकांनी दोनदा भात घेतला, असं काकूंनी मला फोन करून कळवलं.

उत्तम शुक्रवारी सकाळीच ऊन चटके देत होतं. मी घरून लिंबाच्या पाण्याचा कॅन नेला होता आणि तीनदा झाकण तपासलं होतं. काकांना बांधून आणलं, लेकरांनी हात हलवले, काकांना हसू फुटलं. पाद्रीसाहेबही हसले, मी पाहिलं. कोणाला सोडू, म्हटल्यावर मैदान गर्जलं. बरब्बा. दोर सुटला. दर वर्षीसारखे काका हात जोडत लोकांमधून निघाले, पण आज लोकांच्या माना त्यांच्यामागे वळल्या नाहीत. सगळे समोर बघत होते. समोर याकोबभाऊ एकटे उभे होते, हात बांधलेले, पायात चप्पल नाही.

"मग येशूचं मी काय करू?" पिलाताने विचारलं.

उत्तर आलं नाही. तालमीत गप्प बसले होते, ते गप्प बसणं आता नव्हतं. तेव्हा लोक आपण चांगले आहोत म्हणून गप्प होते. ह्यांनी पुन्हा विचारलं. नूपुरने माझा हात घट्ट धरला. प्रवेश इथेच थांबला तर पुढे काय, तिलाही माहीत नव्हतं आणि मलाही.

मग कुसुमताई उठल्या. याकोबभाऊंकडे नीट बघितलं आणि पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, "खिळा त्याले."

हळूच म्हणाल्या, पण सगळ्यांना ऐकू गेलं. त्यांच्या मागून एकेक जण म्हणत गेला. कोणी ओरडलं नाही. मीही म्हटलं. ह्यांनी परातीत हात धुतले, त्या पाण्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. याकोबभाऊंनी वधस्तंभ उचलला आणि चालू लागले. काका नळापाशी उभे होते. कोणी शरबताचा पेला पुढे केला तर त्यांनी तो हातातच धरून ठेवला.

दुपारची उपासना संपून लोक बाहेर आले तेव्हा याकोबभाऊ नेहमीसारखे फाटकाकडे निघाले होते. आज ते जमलं नाही. बायकांनी त्यांना गाठलं. वधस्तंभ खांद्याला लागला का, डब्याचं काय करता, मुलं कितवीत आहेत, मटण खाता ना. इतक्या प्रश्नांना उत्तरं द्यायची त्यांना सवय नव्हती. दुकानात डॉक्टरची चिठ्ठी वाचून तेवढंच बोलायचं असतं. मोठी मुलगी सातवीत आहे, असं ते म्हणाले, आणि एकदम हसले. मग कोणी म्हणालं, ईस्टरला बायकोमुलांना बोलावून घ्या, आमच्याकडे जेवा. लगेच दुसरी म्हणाली, आमच्याकडे. काकूंनी पुरणपोळी जाहीर केली. नूपुर एकदाची समोसा खात होती, तोंडात घास असतानाच तिने आमचंही नाव दिलं. मला न विचारता.

शेवटी कुसुमताईंनी सगळ्यांना बाजूला सारलं आणि याकोबभाऊंपुढे उभ्या राहिल्या.

"याच्या घरची माणसं आधी माझ्याकडे जेवतीन," त्या म्हणाल्या. "खिळा म्हणून सगळ्यात आधी मी म्हटलं होतं."