वहिनींची पुस्तकं मी बुडवली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, दादाला नाही — आणि ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही आमच्या वहिनींना ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखत असतात तर तुमच्यासमोरही माझी जीभ उचलली नसती.

आमचं गाव जिंतूरजवळ. दादा सातवीतून शाळा सोडून सायकलच्या दुकानात बसला, म्हणून मी कॉलेजात बसू शकलो. घराण्यातला पहिला पदवीधर. वहिनी, म्हणजे दादाची बायको, चौथी शिकलेल्या. पण वाचायच्या काय! चातुर्मासात दुपारी मारुतीच्या देवळात बायका जमायच्या आणि वहिनी महाभारत वाचायच्या. मराठीतले पाच जाड भाग, जत्रेत घेतलेले. वाचून झालं की ते देवळातल्याच कोनाड्यात ठेवायचे. घरी कधीच नाही. महाभारत घरात ठेवलं की भावाभावांत फूट पडते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तुमच्याकडेही म्हणत असतील.

वाचता वाचता त्या थांबायच्या आणि शेजारच्या घरातलं सांगावं तसं बोलायच्या. धृतराष्ट्र दैवाच्या नावानं रडायला लागला की चष्मा कपाळावर सारून म्हणायच्या, "डोळे नव्हते मेल्याला, पण तोंड होतं की! पोराला गप बस म्हणायला डोळे लागतात व्हय?" बायका खिदळायच्या. खांबाला टेकून अभ्यास करणारा मीही हसायचो. आमच्याकडे माणसं अशीच ओळखली जायची — हा भीमासारखा खातो, तो शकुनीसारखा हसतो. दादाला सगळे धर्मराज म्हणायचे. चिडवायला म्हणायचे, आणि खरंच वाटायचं म्हणूनही.

मला दिल्लीत केंद्र सरकारची नोकरी लागली तेव्हा देवळाची दुरुस्ती निघाली होती. कोनाडे फोडणार होते. वहिनींनी पाचही भाग जुन्या लुगड्यात बांधले आणि माझ्या ट्रंकेत ठेवले. दादा म्हणाला, "अगं, महाभारत देतेस होय त्याला?" तर हसून म्हणाल्या, "भाऊजी शिकलेले आहेत. त्यांना कुठं असलं काही बाधतंय!"

हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते विसरता आलेलं नाही.

बरीच वर्षं लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये काढली. मग दिवस पालटले. यमुनेपलीकडे नोएडात सोसायट्या उभ्या राहत होत्या, गच्च्यांवर डिश अँटेना दिसू लागल्या, आणि मी कर्ज काढून तीन खोल्यांचा फ्लॅट घेतला. तिसरी खोली सुमनची — दादाच्या मुलीची. ती बारावी झाली की दिल्लीत आणतो, कॉलेजात घालतो, हे मीच दादाला म्हणालो होतो. त्यानं मागितलं नव्हतं. माझ्या बायकोनं त्या खोलीला पडदेसुद्धा शिवले होते, निळ्या फुलांचे.

सुमन चांगल्या मार्कांनी पास झाली. आणि मी —

किती वेळ हे टाळतोय मी, नाही? सरळ सांगतो. तिच्या प्रवेशासाठी मी कॉलेजात गेलोच नाही. दादाला फोनवर सांगितलं की इथे महाराष्ट्र बोर्डाचे मार्क धरत नाहीत, फार प्रयत्न केला, जमलं नाही. बायकोला सांगितलं की दादाचंच मन बदललं, मुलीला इतक्या लांब पाठवायला तो तयार नाही. का केलं असं? खालच्या मजल्यावर माझे वरिष्ठ राहायचे. त्यांच्या मुली स्कूटीवर फिरायच्या, इंग्रजीत हसायच्या. तेल लावलेल्या दोन वेण्यांची सुमन लिफ्टमध्ये त्यांच्याशेजारी उभी आहे आणि ‘काका’ म्हणून मला मोठ्यानं हाक मारतेय, असं चित्र डोळ्यांसमोर यायचं. मला लाज वाटायची. एवढंच कारण. दुसरं कुठलंही नाही.

पुढे दादाला कळलं. तालुक्यातल्या एका मास्तरांच्या मुलीला सुमनपेक्षा कमी मार्कांवर दिल्लीत प्रवेश मिळाला होता. त्यानं एसटीडी बूथवरून फोन केला. "तू गेलाच नव्हतास ना कॉलेजात?" मागे रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते. "बरं," तो म्हणाला, आणि फोन ठेवला. त्यानंतर तो माझ्याशी कधी बोलला नाही. सुमनचं त्याच हिवाळ्यात लग्न झालं.

पण माझा खरा अपराध हाही नाही. म्हणजे हाही आहेच. त्यापुढचा सांगायचाय.

दादानं वहिनींना काहीच सांगितलं नव्हतं. माझी अब्रू झाकली त्यानं. त्यामुळे वहिनींना कळेना — दोघा भावांत झालं तरी काय? एक दिवस त्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलल्या आणि मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "भाऊजी, ती पुस्तकं कुठं ठेवलीत?"

"घरातच आहेत. कपाटात."

"म्हणजे माझंच चुकलं. माझ्या हातानं दिली मी."

तिथे मला एकच वाक्य बोलायचं होतं. नाही वहिनी, पुस्तकांनी काही केलेलं नाही, मी केलंय. असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता. ऑफिसात कुणी राहुकाळ म्हटलं तरी मी थट्टा करायचो. आणि मी काय म्हणालो?

"असेल, वहिनी. लोक म्हणतात ते उगीच नसेल."

पुढच्या वर्षी गावातल्या बायकांबरोबर काशीयात्रेला निघालेल्या वहिनी वाट वाकडी करून दोन दिवस माझ्याकडे उतरल्या. पिशवी ठेवली न ठेवली तोच म्हणाल्या, "कुरुक्षेत्र जवळ आहे ना इथनं? जिथली आहेत तिथं सोडून येऊ."

नवी मारुती होती माझ्याकडे. मागच्या सीटवर लुगड्यात बांधलेले पाच भाग, पुढे माझ्याशेजारी वहिनी, मांडीवर दशम्यांचा डबा. पूर्ण रस्ता बोलत होत्या. "हे सगळं सपाटच आहे की हो भाऊजी, लपायला जागाच नाही. म्हणून एवढी माणसं मेली बघा!" मी हसलो. मला हसता आलं.

कुरुक्षेत्रातल्या सरोवराच्या पायऱ्या शेवाळलेल्या होत्या. वहिनींचे गुडघे दुखायचे. म्हणून गाठोडं घेऊन मी खाली उतरलो. वर उभ्या राहून त्यांनी हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाल्या, "माझ्या घरातलं भांडण घेऊन जा बाबा." मी एकेक भाग पाण्यात सोडला. पहिला भाग लगेच बुडाला नाही. पानं उघडली, फुगली, आणि त्यांच्या कडेनं पेन्सिलीच्या खुणा दिसल्या — वाचताना कुठे थांबायचं, बायकांशी कुठे बोलायचं, त्या. मी तो हातानं खाली दाबला.

परतीच्या वाटेवर पानिपतला काला अंबजवळ, लढाईच्या स्मारकापाशी, गाडी थांबवली. कितीतरी मराठी माणसं तिथे नमस्कार करायला येतात, वहिनींनीही केला. मग झाडाखाली बसून आम्ही दशम्या खाल्ल्या. त्या इतक्या हलक्या, मोकळ्या दिसत होत्या. "आता बघा, घरी पोचेस्तोवर तुमच्या दादाचा फोन येतो का नाही," म्हणाल्या आणि उरलेली चटणी माझ्या दशमीवर वाढली. तेव्हा तरी सांगता आलं असतं. आलं नसतं का? मी चटणी छान झालीय म्हणालो.

दादाचा फोन आला नाही. कधीच आला नाही. महाभारत माझ्याकडे आल्यापासून वहिनी देवळात दुसऱ्या पोथ्या वाचायच्या; त्या चातुर्मासापासून त्यांनी तेही सोडलं. बायका बोलवायला आल्या की म्हणायच्या, माझी वाणी चांगली नाही, माझ्यामुळे घर फुटलं. हे मला सुमनकडून कळलं.

दादा गेला त्यानंतर काही महिन्यांनी वहिनींनी पुन्हा फोन केला. आवाज थकलेला होता. "भाऊजी, पाचही बुडाले होते ना? एखादा भाग राहिला असेल तुमच्याकडं. नाहीतर एवढं करून मिटलं कसं नाही? जरा बघता का?"

बघतो म्हणालो. रिसीव्हर टेबलावर ठेवला आणि तिसऱ्या खोलीत गेलो. पाहुण्यांसाठी म्हणून ठेवलेला पलंग, त्यावर कधी कुणी फारसं झोपलेलं नाही. निळ्या फुलांचे पडदे उन्हानं विटले होते. शोधायला लागेल तेवढा वेळ मी तिथे नुसता उभा राहिलो. मग परत आलो, रिसीव्हर उचलला.

"नाही वहिनी," मी म्हणालो. "इथे काही नाही."