खिडकीपाशची खुर्ची

बंगळुरातल्या आमच्या जे. पी. नगरच्या वाचनमंडळाचा नियम असा की ज्याच्या घरी बैठक, त्याने कॉफी द्यायची आणि वाचलेल्या प्रकरणावर सर्वांत शेवटी बोलायचं. त्या रविवारी पाळी कृष्णवेणीअक्कांची होती. मी उशिरा पोचले. खिडकीपाशी वेताची खुर्ची चांगली रिकामी होती, पण अक्कांनी मला चटईवर बसवलं. माझे गुडघे पाहता हा शुद्ध अन्याय होता, आणि मी तसं तोंड केलंही.

कादंबरी जुनी, इंग्रजीतून मराठीत आलेली, भयाण हवेलीची. त्या प्रकरणात म्हातारा मालक मेलेल्या बायकोचं ताट रोज मांडतो, तिच्याशी बोलत जेवतो, आणि दाराआडून ते पाहून नव्या मोलकरणीची बोबडी वळते. आमच्यातल्या पुणेकरांच्या अंगावर काटा आला म्हणे. अक्कांची सून सिद्धी, मारतहळ्ळीला कंपनीत जाणारी, सरळ म्हणाली की अशा माणसाला डॉक्टरकडे न्यायला हवं. पोरगी मनाने वाईट नाही, पण जिभेला हाड नाही.

यजमान श्रीधरराव गेल्यावर अक्कांनी कापडाचं दुकान एकटीने चालवलं, मुलाचं शिक्षण पुरं केलं. ही बाई कुणाला भ्यालेली मी पाहिली नव्हती. आज मात्र सुनेकडे पाहत पदराचं टोक पिळत होती.

मग बोलल्या. "तो म्हातारा वेडा नाही. बायको गेली हे त्याला पक्कं ठाऊक आहे. हाताची सवय मोडायला स्वल्प वेळ लागतो. मीही रोज सकाळी बाय टू करते."

बाय टू म्हणजे एका कॉफीचे दोन अर्धे पेले. श्रीधरराव असताना दोघं रोज तशीच घेत.

"एक पेला त्या खुर्चीपुढे ठेवते," अक्का म्हणाल्या. "घरचे उठायच्या आत. सिद्धीला कळलं तर मलाच डॉक्टरकडे नेईल, ही भीती."

सिद्धीचा चेहरा उतरला. तिने हळूच विचारलं, "मग त्या पेल्याचं काय करता, आई?"

"गार झाला की मीच पिते. वाया कशाला घालवायचा?"

आम्ही हसलो, पण मला खरं तर रडू येत होतं. सिद्धी आत गेली आणि कॉफीचा ट्रे घेऊन आली. आम्हा सगळ्यांना ओलांडून ती खिडकीपाशी जाऊन थांबली. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा सासरे हयात नव्हते.

"आई, बाबांना साखर किती?"

अक्कांनी पदराचं टोक सोडलं.

"डॉक्टरांनी बंद केली होती," त्या म्हणाल्या. "आज घाल एक चमचा."