दुर्पताबाईंची जाड रेघ

दुर्पताबाई पेन्सिल विकत घेण्याआधी ती कानाशी नेऊन हलवायच्या. बायका नारळ घेताना हलवून पाहतात ना, अगदी तशी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, आला आज सकाळी सकाळी एक नमुना. टिकटिकवाल्या, म्हणजे दाबलं की लीड बाहेर येणाऱ्या, पेन्सिलींचा अख्खा डबा मी पुढे ठेवला होता. त्यातली एकेक उचलून त्या कानाशी न्यायच्या, डोळे बारीक करून ऐकायच्या आणि बाजूला ठेवायच्या. शेवटी मी विचारलंच, बाई, काय बोलून राहिली ती? त्या हसल्यासुद्धा नाहीत. "तोंड हलते हिचं. जिचं तोंड हलते, तिची रेघ हलते," म्हणाल्या आणि पुढची उचलली.

भंडाऱ्यात बस स्टँडच्या बाजूला माझं स्टेशनरीचं दुकान आहे. सासऱ्यांनी उघडलं, नवऱ्याला त्यात गोडी नव्हती, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. आता कोणी मागितलं तरी देणार नाही, ती गोष्ट वेगळी. माझ्या तोंडाला सगळा बाजार घाबरून असतो. एक डबा दोनदा उघडून दाखवायचा माझा स्वभाव नाही. तरी त्या दिवशी मी या बाईसाठी ठेवणीतला डबासुद्धा काढला. का काढला, ते देव जाणे.

कानाची परीक्षा झाली की हाताची सुरू. कागदावर पट्टी ठेवायची, पेन्सिल पट्टीला टेकवायची आणि रेघ ओढता ओढता बोटांमध्ये ती हळूहळू फिरवत न्यायची. लीड एकाच बाजूने झिजली की रेघ शेवटी जाड होते, म्हणून ही फिरकी. त्यानंतर डोळे मिटायचे आणि गावाचं नाव लिहायचं, आसगाव. "डोळे मिटले का हात खरं बोलते," असं त्यांचं म्हणणं. पेन्सिल टोकाला जड असेल तर अक्षर नीट बसतं, वर जड असेल तर ते भरकटतं, हे मी त्यांच्याकडूनच शिकले. त्या दिवशी सगळा डबा उलथापालथा करून त्यांनी एकच पेन्सिल घेतली. मी मनात म्हटलं, सुटले एकदाची. पुढच्या आठवड्यात बाई पुन्हा दारात हजर.

त्या जवाहरनगरच्या दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होत्या. बाई असूनही हुद्दा मात्र ड्राफ्ट्समन. तिथल्याच क्वार्टरमध्ये राहायच्या. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, माहेर पवनीकडचं आसगाव. ऑफिसात कॉम्प्युटर आला तेव्हा त्या तोही शिकल्या, पण पर्समधली पेन्सिल काही सुटली नाही. तुम्ही काय काढता हो, असं मी एकदा विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच शरमले. "ते नाही सांगाचं. नवऱ्यालेबी नाही सांगितलं." मग जराशा थांबून म्हणाल्या, "सारी उमर रेघा काढल्या शोभा, पण एकही रेघ कोनाले दाखोता नाही आली." हे बोलताना त्यांचा आवाज पडला होता.

पेन्सिलीच्या बाबतीत मात्र त्या कोणाचीही शाळा घ्यायच्या. तुमसरच्या राइस मिलचे एक मुनीमजी माझ्याकडे यायचे. दर वेळी एकच रड, तुमची लीड कच्ची, तुटतेच. मी काही बोलणार तोच बाईंनी त्यांचा हात धरला आणि मधल्या बोटावरचा घट्टा पाहिला. "तुमी लिहून नाही राहिले भाऊ, खुरपून राहिले," म्हणाल्या. पॉइंट फाइव्ह लीडची काढून घेतली, जरा जाड पॉइंट सेव्हन हातात दिली, आत मऊ लीड टाकायला लावली. वर सांगितलं की, खिशात ठेवायची असेल तर जिची टोकाची नळी आत जाते तीच घ्या, नाहीतर खिसा फाटतो आणि नळी वाकते. ड्रॉइंगच्या पेन्सिलीची गोष्ट उलटी. तिची नळी लांब आणि पक्की हवी, म्हणजे ती पट्टीला चिकटून चालते आणि टोक डोळ्यांना दिसतं. धरायच्या जागी दाणेदार धातू हवा, घामाने बोट सरकत नाही. "आधी आपला हात पाह्याचा, मंग पेन्सिल," हे वाक्य मी आजही गिऱ्हाइकांना ऐकवते आणि माझंच असल्यासारखं ऐकवते.

त्यांची स्वतःची आवड मात्र एकच, पॉइंट थ्री. केसासारखी रेघ. जाड रेघ त्यांना सहन व्हायची नाही. कोणी जाड रेघ मारली की त्या नाक असं मुरडायच्या, जसा काही कोणी जेवताना ढेकर दिला.

रिटायर व्हायला थोडे महिने राहिले असताना एकदा त्या आल्या, डबा मागितला आणि पहिली पेन्सिल कानाशी नेली. बाजूला ठेवली. दुसरी नेली. तिसरी नेली. "काहून वो, साऱ्याच हलून राहिल्या?" म्हणाल्या. मी चिडले. कालच आलेला नवा कोरा माल होता. त्यांच्या हातातली पेन्सिल घेऊन मी त्यांच्या कानाशी हलवली. टिक नाही की टुक नाही. मग माझं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. तो काउंटरवर ठेवलेला असतानाही थरथरत होता. त्यांनी तो उचलून पदराआड घेतला. मी डबा बंद केला आणि चहा मागवला.

पुढच्या वेळी आल्या त्या ठरवूनच. भावाने आसगावात त्यांच्या नावाने जागा ठेवली होती, तिथे घर बांधायचं होतं. भाचा नागपुरात इंजिनिअर, सोन्यासारखा पोरगा. आत्या, दोन दिवसांत कॉम्प्युटरवर प्लॅन काढून देतो म्हणाला. बाई म्हणाल्या, ग्रामपंचायतीत द्यायचा कागद तू कर, पण मिस्त्रीच्या हातात जाईल तो कागद माझा. शेवटी असं ठरलं की, धान कापून झालं की मिस्त्री मोकळा होतो, तोवर बाईंचा कागद तयार झाला तर तो, नाहीतर भाच्याचा. हे सांगून त्यांनी काउंटरवर हात ठेवला, थरथरता हात, या वेळी उघडा. "हे एकच ड्रॉइंग हाये जे मले दाखोता येईन. ते मीच काढन. दे पॉइंट थ्री."

दिली. काय करणार? डॉक्टरच्या गोळ्या चालू होत्या, पण हात काही ऐकत नव्हता. पॉइंट थ्रीची लीड म्हणजे थरथरत्या हाताखाली काडीसारखी तुटणार. बाई लीडच्या डब्या नेत राहिल्या आणि मी त्या विकताना चरफडत राहिले. मी म्हटलं, बाई, जाड घ्या ना जरा. तर म्हणाल्या, "जाडी रेघ अन् खोटा माणूस, दोन्ही मले चालत नाही." घ्या! हात लटलट कापतोय, कागद चुरगळून टोपलीत चाललेत, आणि बाईंची ऐट कायम. राग यायचा, तरी पुढची डबी काढून द्यायचे.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत त्या भावाकडे गेल्या होत्या. परतताना थेट दुकानात आल्या, लुगड्याच्या काठाला चिखल तसाच. बसल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, "पॉइंट नाइन काढ." मला वाटलं चेष्टा करताहेत. पॉइंट नाइन मी लहान पोरांसाठी ठेवते, वर हत्ती-घोड्यांची चित्रं असलेली. पण त्या सांगायला लागल्या. भावाच्या बांधीतलं, म्हणजे धानाच्या वाफ्यातलं, सारं पाणी रातोरात फुटून गेलं होतं. नवीन गडी होता, त्याने धुरा, म्हणजे मातीचा बांध, घातला तो असा सुरेख, सरळ आणि बारीक. शेजारच्या बांधीचा धुरा जाड, वाकडातिकडा, पण तिथलं पाणी जिथल्या तिथे. बाई त्या धुऱ्यावर बराच वेळ उभ्या होत्या.

"मी शेतकऱ्याची पोरगी, अन् मले हे आता समजून राहिलं," म्हणाल्या. "धुऱ्याचं काम पानी थांबवाचं. रेघेचं काम भित दाखवाचं. सुंदर दिसाचं काम तिचं नोहे."

मी घरातला, दुकानातला, गोदामातला सगळा माल धुंडाळला. हत्ती-घोडे त्यांच्या हातात देणं मला पटेना. शेवटी नागपूरच्या व्यापाऱ्याकडून एक मागवली. लोखंडी दाणेदार पकड, टोकाला जड, नळी पक्की. थरथरत्या हाताला वजन मदत करतं, हे त्यांनीच शोधून काढलं होतं. पेन्सिल आली तेव्हा त्या म्हणाल्या, "तू हलव, मी आयकते." मी काउंटरवरून वाकून ती त्यांच्या कानाशी हलवली. बाजूचा झेरॉक्सवाला तोंड उघडं टाकून पाहत होता. बाईंनी डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली. मग डोळे तसेच मिटलेले ठेवून लिहिलं, आसगाव. अक्षर वेडंवाकडं आलं, पण लीड तुटली नाही.

धान कापून व्हायच्या आत कागद तयार झाला. एका ठिकाणी मात्र, स्वयंपाकघराच्या भिंतीवर, हाताने झटका दिलेला. रेघ सरळ जाता जाता बाहेर गेली आणि पुन्हा आत आली. तिथे त्यांनी इतक्यांदा खोडलं होतं की कागद विरायला आला होता. आता खोडलं तर भोकच पडलं असतं. भिंत सरळ असते हे कोणत्याही मिस्त्रीला कळतं, असं म्हणून त्यांनी ते तसंच राहू दिलं. भाचा कागद पाहून म्हणाला, आत्या, हाच देऊ. मोठ्या मनाचा पोरगा.

देवाजी मिस्त्री गावातला जुना माणूस. बांधताना स्वतःचं डोकं फार चालवायचा, खिडकी इकडची तिकडे करायचा. बाईंनी पहिल्याच दिवशी त्याला समोर बसवून बजावलं, "देवाजी, तुहं डोकं नोको चालवू. रेघ जशी हाये तसं बांध." देवाजीने मान डोलावली. मग बाईंना हाताच्या तपासणीसाठी नागपूरला जावं लागलं, क्वार्टर रिकामं करायचं होतं, आणि तेवढ्यात भिंती चढल्या.

घरभरणीला मी गेले होते. घर पाहून छाती भरून आली. उजेड कुठून येणार, वारा कुठून, ओसरीत कोण बसणार, सगळं त्या जाड रेघांमधलंच. फिरत फिरत स्वयंपाकघरात आलो आणि बाई थबकल्या. भिंत सरळ जाता जाता बाहेर गेली होती आणि पुन्हा आत आली होती. वर प्लास्टर, वर चुना, सगळं अगदी देखणं.

देवाजी अभिमानाने पुढे आला. "बाई, म्या इचारनार होतो. पन तुमीच म्हनलं होतं, डोकं नोको चालवू. म्हनलं, बाईनं कायच्या तरी साठी जागा सोडली असन."

भाचा हळूच म्हणाला, आत्या, उद्या तोडून सरळ करून घेऊ. मी देवाजीकडे असं पाहत होते की तो जागच्या जागी विरघळायला हवा होता. बाई त्या खाचेजवळ गेल्या. आत तळवा ठेवला. तो थरथरत होता. मग वळल्या आणि म्हणाल्या, "पान्याचा गुंड आना." पितळी गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, आणून खाचेत ठेवला. तो असा बसला, जणू मोजूनच जागा काढली होती. "राहू द्या आता," म्हणाल्या, आणि देवाजीला जेवायला आपल्या शेजारी बसवलं.

निघताना मला बाजूला घेऊन सांगितलं, लीड संपली, घेऊन येजो, अन् मोठा कागदही. मी म्हटलं, आता कायले? घर तर झालं. त्यांनी मला ऑफिसचा नियम सांगितला. वस्तू बनवताना कागदापेक्षा काही वेगळं झालं, तर वस्तू बनल्यावर कागद पुन्हा काढायचा, जसं बनलं तसा. "कागद अन् वस्तू येगळी राहिली, तं दोघांतलं एक खोटं असते."

बाई आता नाहीत. त्या घरात दोन पावसाळे राहिल्या आणि पोळ्याच्या आधी गेल्या. शेवटी शेवटी हात चमचाही धरत नव्हता. पण मला त्या आठवतात त्या दिवशीच्या, मी लीड घेऊन आसगावला गेले तेव्हाच्या. ओसरीत पाटावर कागद पसरलेला, पॉइंट नाइन हातात, डावा हात उजव्या मनगटावर दाबून धरलेला. एकेक भिंत काढत त्या स्वयंपाकघरापर्यंत आल्या. पट्टी ठेवली, श्वास धरला आणि रेघ ओढली. बोटांमध्ये ती फिरकी होती, जुनीच. रेघ निघाली ती या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ, एकसारखी, कुठेही न अडखळता. कित्येक महिन्यांत अशी रेघ त्यांच्या हातून आली नव्हती. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी काही बोलणार, तोवर बाईंनी खोडरबर उचललं आणि ती रेघ खोडून टाकली.

"बाई, अहो!" मी ओरडले.

"भित वाकडी हाये ना," त्या शांतपणे म्हणाल्या. "मंग रेघ सरळ कायले?"

त्यांनी ती हळूहळू पुन्हा काढली, सरळ, मग बाहेर, मग आत, मग पुन्हा सरळ. कागदावरची धूळ फुंकली. मग उठल्या, कागद दोन्ही हातांत धरून दारात उजेडात आल्या. कागद फडफडत होता, हात थरथरत होते. समोरून डोक्यावर गवताचा भारा घेऊन एक बाई चालली होती. तिला त्यांनी हाक मारली.

"ये वो बाई, थांब. पाह्य, हे मी काढलं."