आत्या आणि छापखान्याचा मागचा दरवाजा

भोंगा वाजला की आमची आत्या लोकांना कोपरांनी ढकलत सगळ्यांच्या आधी तळघरात घुसते, असं अख्ख्या गल्लीत बोललं जातं. "नागरी संरक्षणाची अधिकारी म्हणे. स्वतःचंच संरक्षण करते बाई," हे शिंपीणबाईंचं वाक्य मी त्यांच्याच नाकातल्या आवाजात आत्याला ऐकवलंसुद्धा.

यातलं कोपर खरं. घुसते तेही खरं. पण ती आत थांबत नाही. दुसऱ्या टोकाला जाते, मागचा दरवाजा ढकलून बघते आणि तशीच उलटी वर येऊन रस्त्यावर उभी राहते, शेवटचा माणूस आत जाईपर्यंत. लढाई सुरू झाल्यापासून तिने बसून चहा प्यायलेला मी पाहिलेला नाही. कप खिडकीत, एक पाय दारात, कान आभाळात.

तळघर छापखान्याचं. मालकांनी मागच्या दरवाजासमोर कागदाचे गठ्ठे रचलेले, छातीपर्यंत. पुढचा जिना ढासळला तर साठ माणसं आतच अडकणार. आत्या रोज सांगायची. मालक रोज म्हणायचे, "बघू, बघू. कागदाला ओल लागते हो ताई, तेवढाच कोपरा कोरडा आहे."

"ते काही हलवणार नाहीत," मी म्हणाले. "लावतेस पैज?"

"हरलीस तर लढाई संपेपर्यंत तुझ्या नकला बंद," आत्या म्हणाली आणि अर्धा कप तसाच ठेवून निघाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सराव होता. जखमी म्हणून तिने मालकांनाच निवडलं. मालक खूश. स्ट्रेचरवर आडवे झाले, पट्टे आवळले, चौघांनी उचललं. पुढचा जिना पडलाय असं धरून मागून बाहेर न्यायचं होतं. गठ्ठ्यांपाशी स्ट्रेचर अडकलं. मागे अख्खी गल्ली खोळंबली.

"ताई, झालं का?"

"बघू, बघू," आत्या म्हणाली. हुबेहूब त्यांच्या आवाजात. मलाही इतकं जमत नाही.

मग तिने दिवा मालवला. अंधारात मागून रेटा आला. कुणाचं तरी लेकरू रडायला लागलं.

"सोडा मला," मालक म्हणाले. आवाज पार बदललेला. "मी हलवतो."

संध्याकाळी मालक बाह्या सरसावून गठ्ठे वाहत होते आणि आत्या तो दरवाजा उघडून, लावून, पुन्हा उघडून बघत होती. पैज मी हरले. लढाई अजून चालू आहे, माझं तोंड बंद आहे. लिहिण्याबद्दल मात्र आमचं काही ठरलं नव्हतं.