औंदा कुणाचा हात जुना?

फौंड्रीच्या मागं जळक्या वाळूचा ढीग असतो. तो कुणी मुद्दाम घालत नाही. रोज एखादं घमेलं पडतं, आणि एक दिवस बघावं तर टेकडी झालेली असते. मग ती उचलायला ट्रक सांगावा लागतो. माझ्या डोक्याचं तसंच झालंय. शिरोली एमआयडीसीत जन्म गेला, आता घरी बसलोय. गुडघे गेले, निम्मे कान गेले, शाळा तर चौथीतच गेली. राहिले ते हे किस्से. रविवारी आम्ही जुनी माणसं चहाला जमतो, तिथं सांगायला लागलो की निम्मे म्हणतात, "असं झालंच नव्हतं." म्हणून लिहून ठेवतोय. ज्याला पटत नाही त्यानं आपलं आपलं लिहावं.

यातले बरेच किस्से अक्काताईचे आहेत. त्याला माझा इलाज नाही. बाकीची माणसं बोलायची कमी आणि थुंकायची जास्त.

*

कोर म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढं विचारत बसाल. लोखंडाचा पाइप ओतायचा तर मधली पोकळी येणार कुठून? तर त्या पोकळीच्या मापाचा वाळूचा तुकडा करायचा, ओव्हनमध्ये भाजायचा, साच्यात मधोमध ठेवायचा आणि भोवतीनं वितळलेल्या लोखंडाचा रस ओतायचा. लोखंड गार झालं की आतला तुकडा फोडून काढायचा. तो कोर. तो नसला तर पाइप नाही, नुसता ठोकळा. आणि काम झालं की त्याची वाळू जाते मागच्या ढिगात.

आमच्या कोर शॉपमध्ये सगळ्या बायका. त्यांच्यात अक्काताई थोरली. नवरा लवकर गेलेला, पदरात एक पोरगी. आवाज असा, की भट्टी चालू असताना आम्ही एकमेकांना खुणा करायचो, पण अक्काताईला खुणेची गरज पडली नाही.

मालक पावण्यांना कंपनी दाखवताना कोर शॉपच्या दारात हमखास थांबायचे. म्हणायचे, "हे काम बायकांनीच करावं. बोटं नाजूक असतात त्यांची." आणि बायका पगाराचं बोलायला गेल्या की तेच मालक म्हणायचे, "तुम्हाला काय, हलकं काम आहे."

एकदा पावण्यांसमोरच अक्काताई हात पुसत पुढं आली.

"मालक, बोटं नाजूक म्हणून कामावर घेतलासा. काम हलकं म्हणून पगार कमी दिलासा. बरं हाय. पर एकदा बोटं तरी बगा की."

आणि दोन्ही हात पुढं केले. ओव्हनचे ट्रे काढून काढून नखं काळी पडलेली, अंगठ्याच्या बुडाला भाजल्याचे चट्टे. पावणे बघतच राहिले.

मालक म्हणाले, "चला, आता मशिन शॉप बघू."

*

मॅनेजरसाहेब पुण्याचे. त्यांचा किस्सा किल्लीचा.

कंपनीत बायकांना संडास नव्हता. मागं कुणाचा तरी ऊस होता, त्यात जायच्या. ऊस उभा असेपर्यंत ठीक. तोड झाली की रान उघडं. मग त्या दिवसांत बायका पाणीच प्यायच्या नाहीत. ओव्हनच्या तोंडाला उभं राहून दिवसभर पाणी न पिणं म्हणजे काय, ते आम्हा गड्यांना कुणी विचारलं नाही. आम्ही काय, कुठल्याही भिंतीला उभं राहायचो.

मग एकदा परदेशातला गिऱ्हाईक कंपनी बघायला येणार असं ठरलं. आठवड्यात संडास उभा राहिला. पांढऱ्या फरश्या, दारावर साडीतल्या बाईचं चित्र. गिऱ्हाइकानं बघितला, मान हलवली, गेला. दुसऱ्या दिवशी दाराला कुलूप. किल्ली मॅनेजरसाहेबांच्या ड्रॉवरमध्ये. का, तर घाण होईल.

तिसऱ्या दिवशी अक्काताई केबिनच्या दारात उभी.

"सायेब, किल्ली."

साहेबांनी दिली. ती परत करते तोवर शेवंता हजर. "सायेब, किल्ली."

"आत्ता तर दिली होती."

"ती अक्कांला. आता मला जायचंय."

शेवंतानंतर सुमन, सुमननंतर मालन. साहेब फोनवर बोलतायत, दारात बाई. साहेब डबा खातायत, दारात बाई. मुंबईचा बडा गिऱ्हाईक समोर बसलाय, भाव चाललाय, आणि अक्काताई दारातून त्या आवाजात, "सायेब, जरा अर्जंट हाय."

संध्याकाळी किल्ली कुलपालाच लटकत होती. पुढं कुलूपही गेलं. कोण घेऊन गेलं ते मला माहीत आहे, पण सांगणार नाही.

*

आमचा सर्जेराव मोल्डर, म्हणजे साचे भरणारा. मलकापूरकडचा, मिशा अशा की लांबून आधी त्याच येताना दिसायच्या. कुणी विचारलं, "बायको काय करती?" की हा म्हणायचा, "काय करतीया? घरातच असती."

ती बायको एकदा माहेरी गेली. भावाचं लग्न होतं. पहिल्या दिवशी सर्जेराव कामावर आला तो शेणानं भरलेला. दुसऱ्या दिवशी लंगडत आला. घरची म्हैस दूधच देईना. बसला की लाथ. तिला रोजच्या हाताची सवय, हा कोण मिशीवाला?

मग शेजारच्या म्हातारीनं अक्कल दिली, की बायकोची साडी नेस, डोक्यावरनं पदर घे आणि बस. म्हशीला वाटंल मालकीणच हाय. सर्जेरावनं नेसली. म्हशीनं दूध दिलं. गल्लीनं बघितलं. आणि त्या गल्लीतली एक बाई आमच्या कोर शॉपमध्ये होती.

जेवणाच्या सुट्टीत बायका पत्र्याच्या सावलीला बसायच्या, आम्ही भिंतीच्या अलीकडं. मधल्या खिडकीतनं ठेचा इकडं यायचा, लोणचं तिकडं जायचं. तो जळक्या तेलाचा आणि भाकरीचा एकत्र वास मला अजून आठवतो. घरात आता गॅसवरची पोळी मिळते. चांगली असते. पण तो वास नाही.

तर त्या खिडकीतनं अक्काताईचा आवाज आला. "सर्जेराव, कुठली नेसलतासा? हिरवी का जांभळी?"

सर्जेरावचा घास घशात. सगळी फौंड्री हसायला लागली. तो चिडून म्हणाला, "हसताय काय? म्हशीला फसवायला लागतंय तसं."

"म्हस लई हुशार म्हणायची," अक्काताई म्हणाली. "तिला फसवायला साडी तरी नेसाय लागली. कंपनीत नुसत्या मिशीवर भागतंय. तुमी दोन पावसाळ्यांत मिस्त्री झालासा, आमी अजून 'ए बाई, कोर आण'."

त्यानंतर सर्जेरावला बायको काय करते असं कुणी विचारलं, की तो विषय बदलायचा.

*

आता नारळाचं. हे नीट वाचा.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्यात हत्यारांची पूजा असते. भट्टीला झेंडूची माळ, दोन्ही बाजूला ऊस, मशीनना हळदकुंकू, मालकांच्या गाडीला पण. आणि भट्टीपुढं नारळ. थोरल्या मालकांपासूनचा नियम असा, की कंपनीतला सगळ्यात जुना हात असेल त्यानं नारळ फोडायचा. मालकानं नाही, मॅनेजरनं नाही. फार मानाची गोष्ट. ज्यानं फोडला त्याच्या घरचे वर्षभर सांगायचे.

तात्या मिस्त्री होते तोवर तेच फोडायचे. ते रिटायर झाले आणि प्रश्न आला. अक्काताई माझ्या एक पावसाळा आधी लागलेली. मला हे माहीत होतं, सगळ्यांना माहीत होतं. मालकांनी नारळ माझ्या हातात दिला.

कोर शॉपच्या दारातून आवाज आला, "मालक, औंदा कुणाचा हात जुना?"

मालक हसले. "अक्काताई, बाईमाणसानं नारळ फोडायचा नसतो."

मी फोडला. एका दणक्यात. ते मला चांगलं जमायचं, त्यात खोटं काय सांगायचं.

मग प्रसाद. आधी देवाला, मग मालकांना, ऑफिसला, मग मशिन शॉप, मग आम्ही मोल्डिंगवाले. कोर शॉपची पाळी येईतो खोबरं संपत आलेलं असायचं. राहील ते पेपरच्या तुकड्यात बांधून पाठवायचे. नखाएवढे तुकडे. आणि पूजाही कोर शॉपात कधी गेली नाही. बायकाच आपल्या लाकडी साच्यांना कुंकू लावायच्या.

त्यानंतर दर खंडेनवमीला मी नारळ उचलला, की दारातून आवाज यायचा, "औंदा कुणाचा हात जुना?" गडी हसायचे. काही वर्षांनी मीही हसायचो. ती मात्र हसून विचारायची नाही.

*

तिच्या घरचा नारळ तर आणखी भारी. हे तिनंच त्या खिडकीतनं सांगितलेलं.

देवीला नारळ फोडायचा तर घरात गडीमाणूस नाही. म्हणून शेजारच्याकडं जायचं. तो शेजारी सकाळपासून प्यालेला. त्याच्याच कट्ट्यावर आडवा.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? त्याच्या बायकोनं एका अंगानं धरला, मी दुसऱ्या अंगानं. उभा केला. नारळ त्याच्या हातात दिला. हात हालंना. मग तिनं मनगाट धरलं, मी कोपर धरलं, आनि हाणला दगडावर. फुटला."

"म्हणजे फोडला तुम्हीच की."

"छ्या. फोडला त्यानं. आमी नुसतं त्याला धरलावता."

*

मालकांना मुलगा होता, तो बेंगलोरला कॉम्प्युटरमध्ये गेला. मुलगी गौरीताई पुण्यात धातूचं शिकली आणि फौंड्रीचं काम बघायला परत आली. हेल्मेट घालून भट्टीजवळ उभी राहिली, तर आमचे गडी म्हणाले, "ताई, मागं व्हा. झळ लागंल."

मी तिला तोंडावर सांगितलं. गोल बोलायची मला सवय नाही. "ताई, ही बायकांची लाइन न्हवं."

ती म्हणाली, "काका, मग कोर शॉप कुठल्या लाइनीत येतं?"

मी म्हणालो, "ते येगळं."

"कसं वेगळं?"

मी म्हणालो, भट्टीत रस तयार झालाय, जायला पाहिजे. रस तयार व्हायला अजून वेळ होता. तिलाही ते कळत होतं, धातूचंच शिकलेली पोरगी.

*

त्या वर्षी दिवाळीनंतर अक्काताई रिटायर होणार होती. म्हणजे ती तिची शेवटची खंडेनवमी. त्याआधी आठवडाभर तिनं नारळाचा विषय एकदाच काढला. ओव्हन झाडताना म्हणाली, "दत्तू मिस्त्री, एकदा तरी माझ्या हातानं फुटाय पायजे हुता." मी म्हणालो, "रीत हाय अक्का ती." ती म्हणाली, "व्हय, रीत हाय," आणि झाडत राहिली.

पूजेच्या दिवशी भट्टीपुढं सगळे जमले. मालक दुखण्यानं घरी, त्यामुळं नारळ गौरीताईच्या हातात. मी सवयीनं बाह्या सारून पुढं झालो. आणि कोर शॉपच्या दारातून काहीच आवाज आला नाही. मी वाट बघत थांबलो. इतक्या वर्षांची सवय, त्या आवाजाशिवाय हात उचलेना.

शेवटी गौरीताईनंच विचारलं, "काका, यंदा सगळ्यात जुना हात कुणाचा?"

सर्जेराव पुटपुटला, "ताई, बाईच्या हातनं नको. भट्टीनं दगा दिला तर?"

"मी तुम्हाला नाही विचारलं. काकांना विचारलं."

सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले. मी चौथी नापास असलो तरी एक पावसाळा आधी म्हणजे आधी, एवढं मला कळतं. म्हणालो, "अक्काचा."

गौरीताईनं हाक मारली. अक्काताई आली, पदर खोचला, नारळ घेतला. भट्टीकडं बघितलं, माळेकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं.

"हितं न्हाई," म्हणाली, आणि नारळ घेऊन वळली.

चालत गेली ती कोर शॉपात. तिथं साचे मांडलेले, कुंकू लावलेलं, दोन झेंडू. ओव्हनच्या लोखंडी उंबऱ्यावर तिनं एकच दणका दिला. पाणी ओव्हनच्या दारावर उडालं, आणि फटकन वाफ आली.

आम्ही सगळे भट्टीपाशी तसेच उभे. ना पूजा पुढं सरकते, ना कुणी घरी जातं. मग आतनं तो आवाज.

"परसाद पायजे त्यांनी हिकडं यावं. चपला भाईर काढायच्या."

आधी गौरीताई गेली. मग मॅनेजरसाहेब बूट सोडत बसले. मग मशिन शॉप, मग सर्जेराव मिशा पुसत. पण आत आधी शेवंता, सुमन, मालन, सगळ्या बायकांच्या ओंजळीत खोबऱ्याच्या चांगल्या करंजीएवढ्या फोडी पडलेल्या होत्या. मी मुद्दाम मागं राहिलो होतो. पहिल्यापासून मान माझा, घाई कशाला?

माझी पाळी आली. अक्काताईनं तळहातावर एक तुकडा ठेवला. नखाएवढा.

मी म्हणालो, "अक्का, एवढाच व्हय?"

"शेवटाला एवढाच येतोय, दत्तू मिस्त्री," ती म्हणाली. "कागदात बांधून देऊ?"